पुसून टाका की!

आपल्याकडची निम्मी भांडणं जागेवरून होतात. उरलेली निम्मी, ते जागेचं भांडण झालं तेव्हा कोण कोणाच्या बाजूनं बोललं होतं, यावरून होतात. लोकलमधली चौथी सीट घ्या, वाड्यातल्या जिन्याखालचे अडीच फूट घ्या, नाहीतर लग्नाच्या पहिल्याच पंगतीत बसलेला, वरपक्षाला वधूपक्षाचा आणि वधूपक्षाला वरपक्षाचा वाटणारा तो गृहस्थ घ्या. सगळीकडे प्रश्न एकच असतो : जागा नाही, तर उठायचं कुणी?

या प्रश्नाला हल्ली एक नवं ठिकाण मिळालं आहे. ते म्हणजे कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. घरच्या कार्याच्या व्हिडिओचं एडिटिंग ज्यानं कधी अंगावर घेतलं आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, घर झोपलेलं असतं, आणि पडद्यावर एक चौकट उगवते : डिस्क भरली आहे. सांगण्याची तऱ्हा अशी, की जणू आपणच वळकटी घेऊन तिच्या घरी राहायला गेलो आहोत.

त्या चौकटीशी माझं भांडण नाही. ती बिचारी निरोप्या आहे. माझं भांडण आहे ते ही चौकट पाहताक्षणी, पानाला चुना लावावा इतक्या सहजपणे, 'मग पुसून टाका की!' असं म्हणणाऱ्या मंडळींशी. ही मंडळी घरोघरी असतात. आमच्याकडे एक भाचा आहे, शेजारी एक काका आहेत आणि ऑफिसात तर एक सबंध टेबल आहे. स्वभावानं सगळी सज्जन. पण पुसायचं म्हटलं की त्यांचं बोट पहिल्यांदा नेमकं जिथं जाऊ नये तिथंच जातं. ते कुठे, आणि का जाऊ नये, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी प्रकरण समजावून घ्या. २०२४ साली आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. त्या निमित्तानं तिच्यावर एक छोटीशी फिल्म करावी असं ठरलं, आणि अशा वेळी 'ठरलं' याचा अर्थ ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यानं ती करावी, असा असतो. दोन कॅमेरे लावले. एक भाच्यानं धरला आणि दुसरा आमच्या आतोबांनी हट्टानं मागून घेतला. दोन दिवसांत मिळून सहा तासांचं फुटेज जमलं. करायची फिल्म होती चौदा मिनिटांची. हे प्रमाण पाहून दचकू नका. चिमूटभर केशरासाठीही शेतभर फुलं लागतातच.

आता थोडा हिशेब. हल्लीचा चांगला कॅमेरा फोर-के चित्र सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगानं लिहितो. म्हणजे तासाला ४५ जीबी. सहा तासांचे झाले २७० जीबी. डिस्क होती एक टीबीची. एक टीबी म्हणजे हजार जीबी, असं खोक्यावरून तरी वाटतं. पण तीच डिस्क विंडोजवाल्या कॉम्प्युटरला लावली की तो ९३१ दाखवतो. ६९ जीबी कुठे गेले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात. आमचा जुना दूधवालाही असंच खरं बोलायचा.

तरी पण ९३१ काही थोडे नव्हेत. १९५६ साली आयबीएमनं जगातली पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून तिच्यात पन्नास लाख अक्षरं मावत. आजच्या मापात चार एमबीसुद्धा नाही. म्हणजे ते कपाटाएवढं धूड आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं असतं, तर त्यात आत्याचा मोबाइलवर काढलेला एक फोटो मावला असता. आणि तो काढायला दिवाणखान्यात आत्याला उभं राहायला जागा उरली नसती. त्या मानानं आपण कुबेर आहोत. ९३१ मधून मूळ फुटेजचे २७० आणि कॉम्प्युटरचं स्वतःचं बिऱ्हाड १००, एवढे गेले तरी साडेपाचशेवर उरतात. मग डिस्क भरली कशानं?

इथं आमचे भाचे प्रवेश करतात. ते म्हणाले, "मामा, तुझं मशीन अडखळतंय. सगळं फुटेज प्रोरेझमध्ये ट्रान्सकोड करून घे. लोण्यासारखं चालेल." आणि जाता जाता ते तसं लावूनही गेले.

म्हणजे काय केलं, ते सांगतो. कॅमेरा चित्रं साठवतो ती किराणा दुकानदाराच्या वहीसारखी. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांच्या जागी फक्त काय बदललं त्याची नोंद. आत्याचा हात हलला, पदर हलला, मागची भिंत 'मागील पानावरून पुढे'. यानं जागा खूप वाचते. पण एडिटिंग करताना आपण मधल्याच एका चित्रावर बोट ठेवतो, आणि कॉम्प्युटरला मागची पानं उलटत बेरीज करत यावं लागतं. म्हणून तो अडखळतो. प्रोरेझमध्ये प्रत्येक चित्र पूर्णच्या पूर्ण लिहिलेलं असतं. बेरीज नाही, उलटापालट नाही. मशीन पळतं. फक्त त्या पळण्याचं भाडं असं, की फोर-केचं प्रोरेझ ४२२ तासाला सुमारे २२१ जीबी खातं.

पंचेचाळीसचे दोनशे एकवीस! सहा तासांचे करा : १३२६. ९३१ च्या डब्यात १३२६ कोंबायचे होते. अडीच तासांचं फुटेज ट्रान्सकोड होईपर्यंत डबा भरला, झाकण वर आलं आणि ती चौकट उगवली.

मी भाच्याला फोन केला. आता नीट लक्ष द्या, कारण माझ्या सगळ्या तक्रारीचं बीज पुढच्या वाक्यात आहे. भाचा म्हणाला, "अरे, मग मूळ फाइली पुसून टाक की! मोठ्या फाइली झाल्यात ना आता? मग त्या छोट्या कशाला ठेवतोस?"

शेजारच्या काकांनी याला दुजोरा दिला. ते म्हणाले, "फिल्म तयार झाली की बाकीचं सगळं उडवायचं. आम्ही मुंजीचं तसंच केलं." ऑफिसातल्या टेबलानं तर एकमुखानं सांगितलं, की चौदा मिनिटांच्या वर कोणी बघत नाही, चौदा मिनिटंसुद्धा बघत नाही, जेवणाआधी लावली तर आठ बघतात.

आता भाच्याच्या युक्तिवादातली गंमत पाहा. फाइल मोठी झाली म्हणून ती मूळ फाइलीपेक्षा मोलाची झाली! हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजत घातली की पातेलंभर होते, म्हणून काय डाळीचे दाणे वाढतात? कॅमेऱ्यानं जे टिपलं नाही ते प्रोरेझमध्ये कुठून येणार? ते २२१ जीबी म्हणजे त्याच ४५ जीबींनी पाणी पिऊन फुगवलेलं पोट आहे. डाळ घरात असेल तर ती आज भिजवता येते, उद्या भिजवता येते. भिजवलेली डाळ वाळवून पुन्हा डब्यात भरणारी गृहिणी मात्र मी अजून पाहिलेली नाही.

मग मी ठरवलं, की डिस्कवर कोण कोण राहतंय याची एकदा शिरगणती करायची. ज्यांनी ती कधी केली नाही, त्यांनी जरूर करावी. फार करमणूक होते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर हा प्राणी कमालीचा घरबश्या आहे. त्याला एक व्हिडिओ दिला की तो त्याच्याभोवती संसार मांडतो. आवाजाच्या लाटा पडद्यावर लवकर दिसाव्यात म्हणून त्यांची वेगळी फाइल. आवाज हाताळायला सोपा जावा म्हणून आवाजाची फुगवलेली नक्कल. एखाद्या दृश्याचा रंग बदलला तर तो बदललेला तुकडा दाखवण्यासाठी रेंडर फाइल. तो रंग पुन्हा बदलला तर दुसरी रेंडर फाइल, आणि पहिली जाते कुठे? कुठेच जात नाही. लग्न मोडलेल्या मुलीच्या रुखवतासारखी कोपऱ्यात पडून राहते. या सगळ्या गोतावळ्याला कॅश म्हणतात. नाव ऐकून मी हुरळलो होतो. पण ही रोकड नव्हे. ही उधारी. आणि बऱ्याचदा ती आपण दिलेल्या डिस्कवर न राहता कॉम्प्युटरच्या मुख्य डिस्कवर, आपल्या नावाच्या फोल्डरात, खोल आतल्या खोलीत जाऊन बसते, जिथं कुणी केर काढायला जात नाही. नवरदेव एक आणि वऱ्हाडी दोनशे. आणि जागा कमी पडली की आमचे हितचिंतक काय सुचवतात? तर नवरदेवाला बाहेर काढा!

माझा नियम साधा आहे. पुसण्याआधी त्या फाइलीला एकच प्रश्न विचारायचा : तू गेलीस, तर तुला पुन्हा करता येईल का? 'येईल' असं उत्तर आलं, तर तिला खुशाल निरोप द्यावा. 'नाही' आलं, तर हात मागे घ्यावा. आकाराचा इथं संबंध नाही, वयाचा नाही, ती फिल्ममध्ये आली की नाही याचाही नाही.

या प्रश्नापुढे डिस्कवरची बिऱ्हाडं उभी केली, की ती आपोआप रांगेत लागतात. सर्वांत आधी कचरापेटी रिकामी करावी. पुसलेलं सगळं तिथंच बसलेलं असतं आणि जागाही तितकीच अडवून असतं. पुष्कळ लोक फाइली पुसतात, जागा वाढत नाही म्हणून आणखी पुसतात, आणि कचरापेटीकडे बघतच नाहीत. त्यानंतर कॅश. ती हातानं उपटू नये; सॉफ्टवेअरमध्येच ती साफ करण्याची आज्ञा असते, ती द्यावी. गेलेली कॅश सॉफ्टवेअर लागेल तेव्हा पुन्हा तयार करतं. फार तर पहिल्यांदा उघडताना थोडं कुरकुरतं, कुरकुरू द्यावं. मग रेंडर फाइली. मग ट्रान्सकोड केलेली ती भिजलेली डाळ. मात्र तिला हाकलण्याआधी टाइमलाइनचं नातं मूळ फाइलींशी पुन्हा जोडावं, आणि त्या नीट चालताहेत हे डोळ्यांनी बघावं. मग 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नक्की' आणि 'फायनल आत्यानं पाहिलेली' या नावांनी एक्स्पोर्ट केलेल्या फिल्मा. त्यांतली आत्यानं पाहिलेली तेवढी ठेवावी.

एक फाइल मात्र फार लहान असते. काही एमबींची. ती म्हणजे प्रोजेक्टची फाइल. तिच्यात एकही चित्र नसतं. कुठे कापलं, कुठे जोडलं, कुठला आवाज किती खाली घेतला, एवढंच तिच्यात असतं. म्हणजे आपली सगळी अक्कल तिच्यात असते, आणि म्हणूनच ती लहान असते. तिला हात लावू नये. तिला पुसून मिळणार किती जागा, आणि जाणार काय!

आणि मशीन अडखळतं त्याचं काय? त्यावर इलाज आहे, आणि तो भाच्याच्या इलाजापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. त्याला प्रॉक्सी म्हणतात. काम करण्यापुरती एक लहान, हलकी नक्कल करायची आणि फिल्म शेवटी बाहेर काढताना सॉफ्टवेअरला मूळ फाइली वापरायला सांगायच्या. लग्नाच्या याद्या करायला मुलाकडून त्याचे काका येतात, तसं. अंतरपाटामागे मुलगा स्वतःच उभा राहतो. साध्या एचडी मापाची प्रोरेझ प्रॉक्सी तासाला साधारण १७ जीबी घेते. सहा तासांचे १०२. मी ती भिजलेली डाळ काढली, प्रॉक्सी करून घेतल्या आणि डिस्क जवळजवळ अर्धी रिकामी झाली. मूळ फुटेजच्या एका सेकंदालाही धक्का न लावता! हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी तेच तर सांगत होतो." आजकालच्या मुलांचा आत्मविश्वास दांडगा असतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं तावातावानं बोलायचं कारण काय? घरचं फुटेज ते. गेलं तर गेलं. तर कारण असं आहे, की जगातल्या पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी अशाच, कुणीतरी शहाण्या माणसानं जागा मोकळी केल्यामुळे गेल्या आहेत.

१९६० आणि ७० च्या दशकांत बीबीसीनं आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेपा पुसल्या. टेप महाग होती, कपाटं भरली होती, पुन्हा कोण दाखवणार असा हिशेब होता. 'डॉक्टर हू' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग असे गेले, आणि पुढे ते शोधण्यासाठी देशोदेशी पत्रव्यवहार करण्याची पाळी आली. गेलेल्या भागांचे निदान आवाज तरी शिल्लक आहेत. ते कुणामुळे? घरात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या हौशी प्रेक्षकांमुळे. त्यांनाही घरच्यांनी 'काय ही अडगळ!' असं म्हटलं असणारच.

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. तिथून आलेलं चित्र टीव्हीवर दिसलं त्यापेक्षा मुळात पुष्कळ चांगलं होतं आणि ते वेगळ्या टेपांवर नोंदलेलं होतं. पुढे त्या टेपांचा शोध सुरू झाला, आणि २००९ साली नासानं निष्कर्ष काढला तो असा, की टेपांची टंचाई होती तेव्हा त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. माणूस चंद्रावर गेला आणि त्याची मूळ टेप 'पुसून टाका की' मध्ये गेली!

लांब कशाला जायचं? 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत कुठे उपलब्ध नाही. आपले बहुतेक मूकपटही असेच गेले. काही आगीत गेले, काही दमट हवेनं गेले आणि काही रिळं तर त्यांच्यातली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. चांदीचे काय आले असतील ते आले असतील. त्या चांदीची एखादी वाटी आज कुणाच्या तरी देव्हाऱ्यात असेलही. सिनेमा मात्र नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघायला १९६४ साल उजाडावं लागलं. तोवर पुसणाऱ्यांचं काम बरंचसं उरकलेलं होतं.

आणि हे सगळे लोक काही दुष्ट नव्हते, हे ध्यानात घ्या. प्रत्येकानं आपलं कामच केलं होतं. वरिष्ठांनी शाबासकीही दिली असेल. कपाट मोकळं दिसत होतं.

उलट उदाहरणही देतो. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना पिक्सार कंपनीत कुणीतरी कॉम्प्युटरला एक चुकीची आज्ञा दिली आणि बघता बघता चित्रपटाचा बराचसा भाग डिस्कवरून नाहीसा झाला. राखीव प्रत काढायची व्यवस्था होती. ती बंद पडली होती हे त्या दिवशी कळलं. गॅलिन सुसमन नावाच्या बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, मोटारीतून, बाळ-बाळंतिणीला आणावं तसा जपून कचेरीत आणला, आणि चित्रपट वाचला. पुढे त्यांनी त्यातलं पुष्कळसं नव्यानं लिहून पुन्हा केलं, हा भाग वेगळा. आपण फेकणं वेगळं आणि आपल्या हातून जाणं वेगळं.

यावर विरोधी पक्षाचा शेवटचा आणि मोठा मुद्दा राहतो. ते म्हणतात, "मग काय सगळंच ठेवायचं? माळ्यावर आधीच तुमच्या तीन ट्रंका आहेत." हा मुद्दा आमच्या घरात कुठल्या पक्षाकडून येतो, हे सांगण्याची गरज नाही. पण मुद्दा रास्त आहे. नाही, सगळं ठेवायचं नाही. आमच्या सहा तासांत नऊ मिनिटं निव्वळ फरशी आहे, कारण कॅमेरा चालू ठेवूनच भाचा जेवायला गेला होता. ती फरशी मी आनंदानं पुसली. रांगोळीचे बारा शॉट होते, त्यांतले दोन ठेवले. पण पुसलं ते बघून पुसलं. न बघता, फोल्डरच्या फोल्डर, एका बोटानं पुसणं ही जी तडफ आहे, तिला माझा विरोध आहे. सहा तास बघायला सहा तास लागतात. ते वाचवण्यासाठी माणसं पुसतात आणि त्याला 'जागा करणं' असं भारदस्त नाव देतात.

त्या सहा तासांत काय होतं, ते सांगतो. आत्या पानशेतच्या पुराबद्दल बोलली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती, नारायण पेठेत राहत होती. फिल्ममध्ये ते दोन मिनिटांत आलं आहे आणि चांगलं आलं आहे. पण मूळ फुटेजमध्ये ती अकरा मिनिटं बोलते, आणि त्या अकरा मिनिटांत कॅमेऱ्यामागून आतोबा सारखे मध्ये बोलतात. "चालू आहे का रे हे?" असं आधी भाच्याला विचारतात. मग आत्याला म्हणतात, "अगं, पाणी चौकात आलं तेव्हा तू तपेली शोधत होतीस, ते सांग की." आत्या म्हणते, "तुम्ही होतात का तिथं? आपलं लग्न सहासष्टात!" आतोबा म्हणतात, "नव्हतो, म्हणूनच तुला तपेली सापडली नाही." मग कॅमेरा हलतो, कारण ते हसत असतात.

फिल्मसाठी मी हे सगळं कापलं. ते कापायलाच हवं होतं. कॅमेऱ्यामागचा माणूस मध्ये बोलला की तो आवाज काढतात, आणि ज्यानं कॅमेरा धरला तो अर्थातच एकाही चित्रात नसतो. पण कापणं म्हणजे पुसणं नव्हे. जुन्या काळी स्टुडिओत संकलक कात्री चालवायचा ती रशेसच्या प्रिंटवर. निगेटिव्ह लॅबमध्ये सुखरूप असायचं. कापलेले तुकडेसुद्धा एका पेटीवर आकड्यांना ओळीनं टांगून ठेवत, उद्या दिग्दर्शकाचा विचार फिरला तर हाताशी असावेत म्हणून. ही माणसं दिवसभर कापायचं काम करत आणि पुसायला घाबरत. आमचा भाचा दोन्हीला 'एडिट' म्हणतो.

पुढच्याच वर्षी आतोबा गेले. कार्याच्या फोटोंत ते आहेत; सगळ्या फोटोंत असतात तसे, सरळ उभे राहून, गंभीर. पण त्यांचा आवाज, त्यांचं ते मध्ये तोंड घालणं, आत्याला चिडवणं, हे कुठेच नाही. म्हणजे चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये नाही. ते त्या अकरा मिनिटांत आहे, जी शेजारच्या काकांच्या शास्त्राप्रमाणे फिल्म तयार झाल्या दिवशीच उडवायची होती. आत्या ती अकरा मिनिटं अधूनमधून लावायला सांगते. चौदा मिनिटांची फिल्म तिनं दोनदाच पाहिली.

'कोण बघणार आहे?' या प्रश्नाचं उत्तर हे असं असतं. ते पुसताना मिळत नाही. बघणारा कोण, हे नंतर ठरतं, आणि काय बघायचं आहे हे तर त्याच्याही नंतर.

तेव्हा मूळ फुटेज ठेवायचं, आणि ते एका डिस्कवर नव्हे, दोन डिस्कवर ठेवायचं, आणि त्या दोन डिस्क एका घरात ठेवायच्या नाहीत. डिस्क हीसुद्धा नाशवंत वस्तू आहे. ती कधी मान टाकेल याचा मुहूर्त पंचांगात नसतो. नक्कल केल्यावर ती उघडून बघायची, आणि मगच काम चालू असलेल्या डिस्कवरून मूळ फुटेज हलवायचं. याला मी पुसणं म्हणत नाही. ही पाठवणी आहे. दोन डिस्कचा खर्च होतो, कबूल. पण कार्यात मांडववाल्याला, वाजंत्रीवाल्याला आणि ज्यांची नावंही आठवत नाहीत अशा पाहुण्यांच्या आइस्क्रीमला जो झाला, त्याच्याशेजारी तो लिहून बघा.

यापुढे कुणी 'पुसून टाका की!' म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालू नका. फक्त विचारा, "पुन्हा करून देणार का?" कॅशबद्दल बोलत असेल तर तो हो म्हणेल, आणि त्याचं ऐका. मूळ फुटेजबद्दल बोलत असेल तर तो डोकं खाजवेल. खाजवू द्या. तेवढ्या वेळात आपण कचरापेटी रिकामी करून घ्यावी.

जागेचं काय, ती होते. पंगतीत नवा माणूस आला की आपण सरकतोच. फक्त सरकायचं कुणी, हे एकदा ठरलं पाहिजे. ज्यांच्या नावानं कार्य आहे त्यांना उठवून वाजंत्रीवाल्यांना पाटावर बसवण्याची रीत आपल्यात तरी नाही.